इमेजिंग विभागाचे नवे इनचार्ज झालात? इथून सुरुवात करा

बढतीचं पत्र हातात पडलं की बहुतेकांना वाटतं, आता अवघड केसेस आपल्याकडे येणार. येतातही. पण चांगला फोटो तुम्ही आधीपासून काढत होता, त्यासाठी कुणी तुम्हाला इनचार्ज केलेलं नाही. विभागातल्या बहुतेक गडबडी एक्सपोजरच्या, म्हणजे किरणं सोडायच्या बटणाआधीच झालेल्या असतात. फॉर्मवर चुकीचं नाव, गळ्यात राहिलेला ताईत, न विचारलेली पाळीची तारीख, नको त्या खोलीत शिरलेली ट्रॉली. सरकारी रुग्णालयात तुमचं पद क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी असो किंवा खासगीत चीफ टेक्नॉलॉजिस्ट, तुमचं लक्ष आता या बटणाआधीच्या भागावर हवं. पुढचा क्रम पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी आहे. पहिल्या आठवड्यात काहीही बदलायला जाऊ नका, फक्त बघा.

पहिली पायरी: कागद ताब्यात घ्या

पहिल्याच दिवशी मागायची गोष्ट म्हणजे ई-लोरा पोर्टलचं लॉगिन. आपल्याकडे क्ष-किरण यंत्र चालवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो आणि तो सगळा कारभार ई-लोरावर चालतो. अनेक ठिकाणी हे लॉगिन नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाईल नंबरवर अडकलेलं असतं आणि परवाना संपायला आठवडा उरला की धावपळ सुरू होते. लॉगिन, नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल रुग्णालयाच्या नावावर करून घ्या.

मग एका वहीत प्रत्येक यंत्रामागे एक पान करा. परवान्याची मुदत, शेवटची क्वालिटी अशुरन्स चाचणी, ट्यूब कधी बदलली, सर्व्हिस करार कुठला. ही चाचणी दर दोन वर्षांनी आणि ट्यूब बदलण्यासारखी मोठी दुरुस्ती झाल्यावर लागते, हे लक्षात ठेवा. पोर्टेबल (खाटेजवळ नेता येणारं एक्सरे यंत्र) आणि सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना आतलं दाखवणारं) ही यंत्रं विसरली जातात, कारण ती विभागात नसतातच, ओटीत आणि आयसीयूत फिरत असतात. त्यांची पानं आधी भरा.

रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण आहे, तेही तपासा. कागदावर ज्यांचं नाव आहे ती व्यक्ती अजून त्या रुग्णालयात काम करते ना? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण विचाराच.

टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली हे मोजणारा बिल्ला, हा स्वतंत्र विषय आहे. बॅज छातीच्या उंचीवर, लेड एप्रनच्या आत लावायचा. ड्यूटी संपली की तो एप्रनलाच लटकवून निघून जाणारे प्रत्येक विभागात असतात. एप्रन एक्सरे रूममध्येच टांगलेला राहिला तर बॅज रात्रभर किरणं खातो आणि तीन महिन्यांनी त्या माणसाच्या नावावर भलताच डोस येतो. मग स्पष्टीकरणाची पत्रं लिहीत तुम्ही बसता. बॅज ठेवायला किरणांपासून लांब एक बोर्ड करा, कंट्रोल (तुलनेसाठीचा) बॅजही तिथेच ठेवा. संध्याकाळी दुसऱ्या सेंटरला पार्टटाइम करणाऱ्यांनी इथला बॅज तिथे न्यायचा नाही, हेही एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका. कोण जातं ते तुम्हाला माहीत असतंच, नाव घ्यायची गरज नाही.

डोसच्या मर्यादा पाठ असू द्या. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. एखादीने गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नाही. अशा वेळी तिला रोस्टरमधून गुपचूप काढून टाकू नका. तिच्याशी बोला, सी-आर्म आणि पोर्टेबलमधून बाहेर घ्या, कन्सोल (यंत्र चालवायचं टेबल), पॅक्स (फोटो साठवायची संगणक प्रणाली), अपॉइंटमेंट असं काम द्या. आपण कळवलं तर नोकरीवर गदा येईल अशी भीती असली की बायका उशिरा कळवतात, आणि पहिले महिने तसेच जातात.

दुसरी पायरी: सकाळची फेरी

ओपीडी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास पोहोचा. सीटीची ट्यूब वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन झालंय का, वॉटर फँटमची (चाचणीसाठीच्या पाण्याच्या डब्याची) किंमत शून्याच्या आसपास येतेय का, डीआर (डिजिटल एक्सरेचं) पॅनेल चार्ज आहे का, एमआरआयची हेलियम पातळी आणि चिलर ठीक आहे का. हे सगळं एका तक्त्यावर, सही करून. पावसाळ्यात खोलीतल्या आर्द्रतेचा आकडाही त्यात घ्या. एसी बंद पडलेल्या खोलीत सीटी तापून बंद पडायला वेळ लागत नाही.

महिन्यातून एकदा नाण्यांची चाचणी करा. टेबलावर कॅसेट किंवा पॅनेल ठेवा, १०० सेंटिमीटर अंतरावर कोलिमेटरचा (किरणांची चौकट ठरवणाऱ्या भागाचा) प्रकाश पाडा, प्रकाशाच्या चारही कडांवर एकेक नाणं ठेवा आणि एक्सपोजर द्या. प्रकाशाची कड आणि किरणांची कड यांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर इंजिनिअरला बोलवा. खर्च शून्य.

लेड एप्रन घडी करून ठेवलेला दिसला तर तिथल्या तिथे हँगरवर टांगायला लावा. घडीवर शिशाला भेग पडते आणि ती बाहेरून दिसत नाही. वर्षातून एकदा सगळे एप्रन सी-आर्मखाली बघून घ्या, प्रत्येकावर नंबर टाका.

तिसरी पायरी: रुग्ण टेबलावर येईपर्यंत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आठवडाभर फक्त बाकावर बसून बघा: नाव कोण पुकारतं, कसं पुकारतं, कपडे कुठे बदलतात, प्रश्न कोण विचारतं.

नुसतं "सुनीता पाटील" अशी हाक मारली की दोघी उठतात, आणि कमी ऐकू येणाऱ्या तिसऱ्या आजीही "हो" म्हणतात. नियम करा की नाव आपण सांगायचं नाही, रुग्णाकडून वदवून घ्यायचं. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." सोबत वय किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक जुळवायचा. मग वर्कलिस्टमधून (यंत्रावर आलेल्या रुग्णांच्या यादीतून) नाव निवडायचं, हाताने टाइप करायचं नाही. पॅक्समध्ये एकदा चुकीच्या नावाखाली फोटो गेला की तो दुरुस्त करणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तेवढ्यात वॉर्डातल्या डॉक्टरांनी तो बघितलेला असतो. डाव्या-उजव्याचा मार्करही एक्सपोजरच्या वेळीच लावायचा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आता मंगळसूत्र. छातीच्या एक्सरेला ते काढायला सांगितलं की काही आजी सरळ नाही म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालणारा नवा टेक्निशियन हमखास हरतो. मंगळसूत्र पाठीवर सरकवून काही साधत नाही, फोटोत ते तसंच दिसतं. उपाय साधा आहे. बाईमाणूस, शक्यतो मावशी, आत जाऊन सांगते: "आजी, दोनच मिनिटं. सुनबाईच्या हातात द्या, तिथेच दारात उभी राहू दे." वस्तू आपल्या ताब्यात घ्यायची नाही, नातेवाइकाच्या हातात द्यायची. तरीही नकार आला तर मानेपर्यंत उचलून टेपने चिकटवा आणि फॉर्मवर तशी नोंद करा. काळ्या दोऱ्यातला ताईत, कमरेचा करदोटा, ब्लाउजच्या पिना, सगळं विचारा. आणि वेणी. तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर सावली पडते, आणि नेमक्या त्याच जागी क्षयरोग शोधत असतात. छातीचा एक्सरे असेल तर वेणी वर बांधायची, अंबाड्यात. गजराही काढून ठेवायचा.

"श्वास रोखा" हे वाक्य बदला. कितीतरी माणसं ते ऐकून श्वास सोडून थांबतात. "छाती भरून श्वास घ्या, तोंड मिटा, थांबा" असं सांगा, आणि कन्सोलकडे जाण्याआधी एकदा तालीम करून घ्या. तालमीचे दहा सेकंद पुन्हा फोटो काढण्यापेक्षा स्वस्त पडतात. सीमेजवळच्या गावांत, आदिवासी भागांत हेच वाक्य कन्नड, तेलुगू, भिलीत एका पाटीवर लिहून घ्या. विभागातल्या कुणा ना कुणाला ती भाषा येत असते.

पाळीचा प्रश्न बाकावर, सासूसमोर विचारायचा नाही. लग्न न झालेल्या मुलीला वडिलांसमोर तर नाहीच, ती "नाही" एवढंच म्हणणार. कपडे बदलायच्या खोलीत, एकटीला, महिला कर्मचाऱ्याने विचारायचं: शेवटची पाळी कधी आली, दिवस गेल्याची शक्यता आहे का. उत्तर फॉर्मवर तारखेसह लिहायचं. शंका असेल तर पोट आणि ओटीपोटाचा फोटो काढण्याआधी रेडिओलॉजिस्टना विचारा. "गरोदर असल्यास आधी सांगा" ही पाटी भिंतीवर आहे म्हणजे आपण विचारलं, असं होत नाही.

लहान मूल धरायचं कोणी? स्टाफने नाही. रोज एकच वॉर्डबॉय मामा पोरं धरत असेल तर तो वर्षभरात किती डोस घेतो, याचा विचार करा. आई गरोदर नसेल तर आई, नाहीतर वडील, लेड एप्रन घालून, आणि हात किरणांच्या चौकटीबाहेर ठेवून. शिकायला आलेल्या बीपीएमटीच्या (पॅरामेडिकल पदवीच्या) पोरांना तर अजिबात पुढे करू नका.

चौथी पायरी: एमआरआयचं दार

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर ओढला, त्याच्यासोबत तो तरुणही, आणि त्याचा जीव गेला. त्याआधी २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्यात चार तास अडकून पडले होते. दोन्ही वेळा सिलिंडर दारातून आत गेला होता, म्हणजे दारावर अडवणारं कुणी नव्हतं.

१.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असतं, आणि स्कॅन चालू नसला तरी ते चालूच असतं. हे तुम्हाला माहीत आहे. रात्रपाळीचा सिक्युरिटीवाला, फरशी पुसायला येणारी मावशी, कंत्राटदाराचा नवा वॉर्डबॉय, ओटीतून धावत आलेला इंटर्न यांना माहीत आहे का? कंत्राटी माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात, म्हणून प्रशिक्षणही दर दोन महिन्यांनी. भाषण देऊ नका. बाहेरच्या दारातच उभं करा, हातातल्या पट्टीच्या चुंबकाला स्टीलची कात्री चिकटवून दाखवा आणि सांगा, आतलं चुंबक हिला हातात राहू देणार नाही.

दारावर पाटी मराठीत आणि हिंदीत: "चुंबक २४ तास चालू आहे." दाराची किल्ली एकाच माणसाकडे, त्या पाळीच्या एमआरआय टेक्निशियनकडे. तो चहाला गेला तर दार कुलूपबंद. बाहेरच्या खोलीतच रुग्णाला लोखंड नसलेल्या ट्रॉलीवर घ्या आणि ऑक्सिजन भिंतीतल्या पाइपलाइनवर किंवा ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर लावा. ॲल्युमिनियमचे सिलिंडर वेगळ्या रंगाच्या पट्टीने ओळखता आले पाहिजेत, नाहीतर भांडारातून कधीतरी साधा सिलिंडर येतोच. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण हे प्रश्न दोनदा विचारायचे: एकदा अपॉइंटमेंट देताना, एकदा दारात. वेल्डिंग आणि लेथवर काम करणाऱ्यांना डोळ्याचा प्रश्न खोदून विचारा. जोडवी, बांगड्या, नथ, केसातले काटे काढल्याशिवाय आत नाही, अगदी आमदारांचे नातेवाईक असले तरी.

आत रुग्णाचं हृदय थांबलं तर? टीमला आत बोलवायचं नाही, रुग्णाला बाहेर आणायचं. ही तालीम खरोखर करा, घड्याळ लावून, कारण अशा वेळी आयसीयूचे डॉक्टर स्टेथोस्कोप आणि लॅरिंगोस्कोप घेऊन सरळ आत धावतात. त्यांना अडवायचा अधिकार तुमच्या सर्वात ज्युनिअर टेक्निशियनला आहे, हे वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने लेखी घ्या. क्वेंचचं, म्हणजे चुंबक तातडीने बंद करायचं बटण कुठे आहे, ते जोडलेलं आणि चालू आहे का, हे इंजिनिअरकडून दाखवून घ्या. माणूस अडकला तर ते दाबायचं. नुसता स्टूल चिकटला तर नाही.

पाचवी पायरी: कॉन्ट्रास्ट

सीटी अँजिओला, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं आयोडीनचं औषध) सोडून काढायच्या सीटीला, वॉर्डातून निळा कॅन्युला लावून पाठवलेला रुग्ण परत पाठवायला लाजू नका. २२ नंबरच्या बारीक निळ्यातून सेकंदाला चार-पाच मिलिलिटर मागितले की औषध हातात पसरतं. किमान गुलाबी, अँजिओला हिरवा, कोपराजवळच्या शिरेत, आणि इंजेक्टर लावण्याआधी सलाइन सोडून हात बघायचा. वॉर्डाच्या सिस्टरना हे एकदा जाऊन समजावून आलात की महिन्याभरात भांडणं कमी होतात. फोनवर ओरडून होत नाहीत.

क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, आधी कधी कॉन्ट्रास्टने त्रास झाला का, दमा, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे का, हे फॉर्मवर. ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही. मासे-कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी हा समज चुकीचा आहे. ती नोंदवा, पण तेवढ्यावरून स्कॅन रद्द करू नका. इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्ण विभागातच बसला पाहिजे, कॅन्युला काढायचा नाही. आपत्कालीन ट्रेमध्ये ॲड्रेनलिन कुठे आहे हे प्रत्येकाला डोळे मिटून सांगता यावं, आणि एक्स्पायरी दर महिन्याच्या एक तारखेला बघितली जावी.

सहावी पायरी: पुन्हा काढलेले फोटो मोजा

डिजिटल आल्यापासून रिपीट दिसत नाहीत, कारण ते कचऱ्याच्या पेटीत पडत नाहीत, डिलीट होतात. आठवड्यातून एकदा यंत्रातून रिजेक्टची यादी काढा आणि कारणं लिहा: पोझिशन, हालचाल, दागिना, श्वास. शंभरात आठ-दहापेक्षा जास्त जात असतील तर तुमच्या तिसऱ्या पायरीत कुठेतरी भोक आहे. नावं बोर्डावर लावू नका. लावलीत की लोक वाईट फोटोही पास करू लागतात आणि आकडा सुंदर दिसतो.

एक्सपोजर जास्त दिलं तर डिजिटल फोटो उलट छान येतो, म्हणून डोस हळूहळू चढत जातो. तो पकडायला डेव्हिएशन इंडेक्स बघा. शून्य म्हणजे बरोबर, अधिक तीन म्हणजे दुप्पट, उणे तीन म्हणजे निम्मा. रात्रपाळीत पोर्टेबलचे आकडे जास्त निघाले तर एक्सपोजरचा तक्ता आयसीयूतल्या पोर्टेबलवर चिकटवून टाका. पोर्टेबलवर किमान दोन मीटर लांब उभं राहणं आणि "एक्सरे!" असा आवाज देणं याला अपवाद नाही.

थोडक्यात, पण कायद्याचं

गर्भलिंग चाचणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. सोनोग्राफी रेडिओलॉजिस्ट करतात, पण एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद) बहुधा तुमची माणसं भरतात. या कायद्यात अपुरी किंवा चुकीची नोंद हाच गुन्हा धरला जातो, यंत्राला सील लागू शकतं. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे फॉर्म स्वतः चाळा, मागच्या महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत गेलाच पाहिजे. पोर्टेबल सोनोग्राफी नोंदणीच्या जागेबाहेर न्यायची नाही, कुणीही सांगितलं तरी.

एमएलसी (मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांशी संबंधित) केसमध्ये फोटोवर एमएलसी नंबर, अंगावरच्या दोन ओळखीच्या खुणा फॉर्मवर, आणि पोलिसांना फिल्म देताना सही-शिक्का घेऊन पोच. नातेवाईक "काय आलं हो फोटोत?" विचारतील. "रिपोर्ट डॉक्टर देतात" एवढंच उत्तर. पण पोटात मोकळी हवा किंवा मेंदूत रक्त दिसलं तर रेडिओलॉजिस्टना लगेच फोन करा, वेळ लिहून ठेवा. रिपोर्ट देणं वेगळं आणि घंटा वाजवणं वेगळं.

रोस्टर, आणि यंत्र बंद पडलं तर

रोस्टर महिनाभर आधी लावा. गणपतीच्या रजेचा फैसला जूनमध्येच करा. कोकणातली माणसं गावी जाणारच, त्यांना अडवून काही मिळत नाही. त्यांच्याकडून दिवाळी आणि ३१ डिसेंबर लिहून घ्या. नव्याला रात्री एकटं ठेवू नका. मुलींच्या नाइटला दुसरं माणूस आणि आतून लागणारी कडी आहे का, ते स्वतः जाऊन बघा.

यंत्र बंद पडतं ते शनिवारी रात्री. एरर कोडचा फोटो, वेळ, सर्व्हिस कॉलचा नंबर वहीत. करार एएमसी (वार्षिक देखभालीचा) आहे की सीएमसी (सर्वसमावेशक देखभालीचा) हे आधीच वाचलेलं असावं, कारण ट्यूब त्यात धरली आहे की नाही यावर लाखोंचा प्रश्न असतो. बंद असलेल्या तासांची बेरीज महिन्याअखेरीला कंपनीला आणि प्रशासनाला पाठवा, नूतनीकरणाच्या वेळी तीच उपयोगी पडते. सीटी बंद असताना डोक्याला मार लागलेला रुग्ण आला तर तो कुठल्या सेंटरला जाईल, रुग्णवाहिका कोणाची, पैसे कोण भरणार, सोबत डॉक्टर कोण, हे एका कागदावर, अधीक्षकांच्या सहीने, कॅज्युअल्टीत आणि तुमच्या कन्सोलजवळ चिकटवलेलं असू द्या. त्या सेंटरचा रात्रीचा फोन नंबर महिन्यातून एकदा लावून बघा, उचलतात का ते.